रिमोटचं हेलिकॉप्टर पडलं, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-नवी मुंबईत रिमोटची हेलिकॉप्टरं उडवणारे मोजकेच, पण पाडणारे त्यातले सगळेच. खालची उत्तरं मुख्यतः बॅटरीवर चालणाऱ्या ४५० वर्गाच्या हेलिकॉप्टरांसाठी आहेत. यांची मुख्य पाती साधारण ३२५ मिलिमीटर लांब असतात आणि त्यांचा कोन उडताना बदलतो. मोठ्या यंत्रांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. मुलांच्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे.

आत्ताच पडलंय. पहिलं काय करायचं?

धावत सुटू नका. आधी रिमोटवरचा थ्रॉटल होल्डचा, म्हणजे मोटर थांबवायचा खटका ओढा. नुसती काठी खाली आणून भागत नाही. आयडल-अपमध्ये, म्हणजे मोटर सतत वेगात ठेवणाऱ्या अवस्थेत, काठी तळाला गेली तरी मोटर फिरतच राहते, फक्त पात्यांचा कोन उणे होतो. पाती गवतात अडकलेली आणि मोटर जोर लावतेय, अशा अवस्थेत काही सेकंदांत ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जळतो. म्हणजे पडण्यात वाचलेली वस्तू आपण पडल्यानंतर घालवतो.

मग चालत जा, हेलिकॉप्टरची बॅटरी काढा, आणि त्यानंतरच रिमोट बंद करा. हा क्रम उलटा करू नका. उचलण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा. कुठली लिंक (भाग जोडणारी बारीक दांडी) निखळली, शेपटी कुठल्या बाजूला वळली, हे घरी टेबलावर बसल्यावर आठवत नाही. आणि तुकडे तिथेच शोधा. काळी प्लॅस्टिकची लिंक वाळक्या गवतात पडली असेल तर संध्याकाळी परत येऊन ती सापडणार नाही.

बाहेरून काहीच तुटलेलं दिसत नाही. एकदा उडवून बघू का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि दुसरं, मोठं नुकसान यातूनच होतं.

कॅनोपी (पुढचं टरफल) फाटली, स्किड (खालचा पाय) मोडला, की मन हळहळतं. पण हे भाग स्वस्त आहेत आणि त्यांनी उडण्याला फारसा धोका नसतो. खरी भीती सरळ दिसणाऱ्या पण सरळ नसलेल्या भागांची. मुख्य शाफ्ट, पात्यांच्या मुळाशी आडवा जाणारा स्पिंडल आणि शेपटीचा छोटा शाफ्ट, हे तिन्ही आत दडलेले असतात. अर्ध्या मिलिमीटरचा बाकही डोळ्याला दिसत नाही, पण पूर्ण वेगात तो सगळं यंत्र हलवून सोडतो.

वेगाचा अंदाज यावा म्हणून साधा हिशेब: ४५० चा रोटर मिनिटाला २,८०० फेऱ्या घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर धावत असतं. तीसेक ग्रॅमचं पातं त्या वेळी स्पिंडलला सुमारे पन्नास किलोच्या जोराने बाहेर ओढतं. ‘चालवून बघू’ म्हणताना हा आकडा डोळ्यासमोर असू द्या.

वाकलेलं आहे की नाही, ते घरी कसं ओळखायचं?

एक जाड सपाट काच हवी. डायनिंग टेबलची चालते. घरच्यांना विचारून घ्या, कारण शाफ्टला ग्रीस असतं.

स्पिंडल पूर्ण बाहेर काढा, पुसा, काचेवर ठेवा आणि बोटाने हळू लोळवा. मागे टॉर्च धरा, डोळे काचेच्या पातळीला आणा. सरळ स्पिंडल काचेला टेकून गुपचूप लोळतो. वाकलेला असेल तर मधल्या भागाखाली उजेडाची बारीक फट दिसते, अर्ध्या फेरीत मिटते, पुन्हा उघडते. आवाजही फसवत नाही: ‘टक... टक...’ असा येतो. मुख्य शाफ्टचंही तसंच. त्याला आडवी भोकं असतात, ती लोळताना जाणवतात. त्या जाणवण्याला बाक समजू नका.

शाफ्ट न काढता, हेडसकट (पाती बसतात त्या वरच्या भागासकट) हाताने फिरवून तपासायचा प्रकार बरेच जण करतात. मोठा बाक त्यात कळतो, बारीक कळत नाही. माझा नियम सरळ आहे: मुख्य पाती फिरत असताना जमिनीला लागली असतील तर स्पिंडल बदलायचाच, तपासणीच्या भानगडीत पडायचं नाही. पात्यांच्या जोडीपुढे त्याची किंमत किरकोळ असते.

यानंतर बाकीचे भाग बघा. बूमवर, म्हणजे शेपटीच्या नळीवर, पात्याचा घाव आहे का? ॲल्युमिनियमचा बूम जरा जरी चेपला असला तरी तो गेला, कारण शेपटीचा रोटर फिरवणारा आतला पट्टा त्या खळग्याला घासत राहतो. पात्यांचे पकड-भाग, म्हणजे ग्रिप, नखाने चाचपून तडा शोधा. स्वॅशप्लेट (मुख्य शाफ्टवरची, पात्यांचा कोन बदलणारी चकती) दोन बोटांत धरून हलवा, वर-खाली खडखडली तर आतलं बेअरिंग सैल झालं आहे. हेडमधले रबरी डॅम्पर काढून बघा, एका बाजूने चेपलेले असतील तर दोन्ही बदला.

वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करता येईल का? किंवा वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडून नवा करून घेतला तर?

ठोकून सरळ केलेला शाफ्ट काचेवर कदाचित पास होईल, पण एकदा वाकलेली धातू पुन्हा त्याच जागी वाकायला तयार असते. नाद सोडा.

लेथचा प्रश्न मात्र ठाणेकर हमखास विचारतात, आणि ते साहजिक आहे. वागळे, रबाळे, महापे, तुर्भे, चारी बाजूंना मशीन शॉप असताना पाच मिलिमीटरच्या दांड्यासाठी आठवडाभर कुरिअरची वाट का बघायची? अडचण मापाची नाही, पोलादाची आहे. मूळ शाफ्ट कडक केलेला आणि ग्राइंड केलेला असतो. वर्कशॉपमध्ये हाताशी असलेल्या साध्या सळीतून केलेला दांडा बेअरिंगमध्ये नीट बसेल, दिसायलाही छान दिसेल आणि पुढच्या जोराच्या झटक्याला वाकेल. स्पिंडलला तर दोन्ही टोकांना आटे असतात. तिथून तो तुटला तर पातं ग्रिपसकट सुटतं. लेथवाल्याकडून स्पेसर करून घ्या, स्किडचे दांडे करून घ्या, बेअरिंग बसवायचं साधन करून घ्या. पात्यांचा भार घेणारा भाग नको.

पात्याला बारीक चीर गेली आहे. फेविक्विक लावू?

पन्नास किलोचा हिशेब वर दिला आहेच. नको. कार्बनच्या पात्याला चीर, मुळाशी पांढरी रेघ किंवा वाकवल्यावर करकर आवाज, यातलं एकही असेल तर जोडी बाद. एकच पातं बदलून भागत नाही. दोन्हींचं वजन आणि समतोल जुळावा लागतो. बाद झालेली पाती मधोमध कापून टाका, नाहीतर सहा महिन्यांनी ‘ही तर बरी दिसताहेत’ म्हणून तुम्हीच ती परत लावाल.

फेविक्विक आणि अराल्डाइटची जागा कॅनोपीवर आहे. फायबरची कॅनोपी फाटली असेल तर आतून फायबर ग्लासच्या कापडाचा तुकडा अराल्डाइटने चिकटवा, बाहेरून पॉलिश पेपर मारा. रंगाची हौस असेल त्यांनी पुढे जावं.

मुख्य गिअर वरवर ठीक आहे, पण ‘कट-कट’ आवाज येतो.

पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) काढा किंवा मोटर मागे सरकवा, आणि मोठा गिअर दात-दात करत बोटाने पूर्ण फिरवा. पडताना एक-दोन दात खचतात, बाकीचे शाबूत असतात. एकही दात खचला असेल तर गिअर बदला. नवा बसवताना पिनियन आणि गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर घड्या पडाव्यात, कागद फाटू नये. एवढी फट पुरते.

मोटरच्या तीन वायरी काढल्या असतील आणि परत लावताना अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरते. मुख्य गिअरमध्ये वन-वे बेअरिंग (एकाच दिशेला जोर देणारं) असल्याने तेव्हा गिअर फिरतो, पण रोटर जोर पकडत नाही. घाबरू नका, कुठल्याही दोन वायरी आपसांत बदला.

सर्व्हो गेला की नाही, कसं कळेल?

बॅटरी न लावता सर्व्होचा (पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) हात अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच एका जागी तो सटकला किंवा अडला तर आतल्या गिअरचा दात गेला आहे. बऱ्याच सर्व्होंचे गिअर सुटे मिळतात, तेव्हा अख्खा सर्व्हो फेकायची घाई नको. झाकण उघडताना गिअर कुठल्या क्रमाने बसले आहेत त्याचा फोटो आधी काढा.

नंतर मोटरच्या वायरी सोडवून बॅटरी लावा आणि स्वॅशप्लेट चालवून बघा. एखादा सर्व्हो गुणगुणत राहिला, थरथरला किंवा मध्यावर परत आला नाही, तर तो संशयित. दात तुटलेला सर्व्हो जमिनीवर कधीकधी साळसूदपणे चालतो आणि हवेत भार आल्यावर घसरतो, म्हणून हाताची तपासणी टाळू नका.

स्पिंडल बदलताना कशाकडे लक्ष द्यायचं?

थ्रस्ट बेअरिंगकडे, म्हणजे पात्याची ओढ सोसणाऱ्या बेअरिंगकडे. त्याच्या दोन चकत्या सारख्याच वाटतात, पण एकीचं भोक किंचित मोठं असतं. मोठ्या भोकाची चकती हेडच्या, म्हणजे मध्याच्या बाजूला येते. लहान भोकाची बाहेर, बोल्टकडे. उलटी बसवली तर पकड आवळल्यासारखी होते आणि पात्याचा कोन बदलताना सर्व्होला नाहक झगडावं लागतं. स्पिंडलवर एकेक चकती सरकवून बघितलं की फरक लगेच कळतो. गोळ्यांना ग्रीस भरपूर लावा.

धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक बोल्टला निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, टिपूसभर. लाल नको, ते पुढच्या वेळी उघडणार नाही. आणि प्लॅस्टिकला ते लागू देऊ नका, कित्येक प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकतात. जुना बोल्ट निघत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवा, थ्रेडलॉक मऊ पडतं. एलन की मात्र चांगल्या पोलादाची घ्या. रस्त्यावरच्या संचातली दीड मिलिमीटरची की दुसऱ्याच बोल्टला गोल होते आणि बोल्टचं डोकंही गोल करून ठेवते.

बॅटरी फुगलेली नाही, फक्त कोपरा चेपलाय. वापरू का?

नका वापरू. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या आत अतिशय पातळ थर एकमेकांवर रचलेले असतात. कोपरा चेपला की ते आत एकमेकांना टेकू शकतात, आणि आग लगेच लागेल असं नाही, अर्ध्या तासानेही लागते. पडल्यावर बॅटरी काढून मोकळ्या जमिनीवर, गवतापासून आणि गाडीपासून दूर ठेवा आणि तासभर नजर ठेवा. खिशात किंवा बॅगेत घालून रिक्षात बसणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

बाहेरून धड दिसणाऱ्या बॅटरीचे सेल एकेक मोजा. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट, ठेवणीतला ३.८ च्या आसपास, आणि ३ च्या खाली गेलेला सेल विश्वासाचा नाही. तीनपैकी एक सेल इतरांपेक्षा बराच खाली असेल तर बॅटरी निवृत्त करा. चार्जिंग १सी ने, म्हणजे २,२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअरने, फरशीवर, जवळ कोणी जागं असताना. फ्लॅटमध्ये पडद्याखाली, पलंगाखाली किंवा जिन्यातल्या शू-रॅकवर चार्जिंग करणारे लोक आहेत, म्हणून लिहावं लागतं. वाळू भरलेली मातीची कुंडी ही स्वस्त आणि चांगली जागा.

बाद बॅटरी एखाद्या लहान बल्बवर पूर्ण रिकामी करा, टोकांना टेप लावा आणि ई-कचरा किंवा बॅटरी घेणाऱ्या केंद्रात द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार ती सुक्या कचऱ्यात टाकायची नसते. नियम बाजूला ठेवला तरी घंटागाडीत कचरा दाबला जातो आणि तिथे ती पेटू शकते.

खाडीच्या चिखलात पडलं. तांदळात ठेवू?

तांदूळ खायला ठेवा. पाम बीच रोडच्या किंवा कोलशेतच्या बाजूला खाडीत पडलेलं यंत्र भिजण्याने नाही, मिठाने मरतं. बॅटरी लगेच काढा (ती परत वापरू नका), आणि बाकी सगळं भरपूर गोड्या पाण्याने धुवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण मीठ तसंच वाळू देणं जास्त वाईट. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्सची झाकणं उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि पंख्याखाली दोन दिवस वाळवा. बेअरिंग सगळी बदला, त्यात वेळ घालवू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तशीही न वापरलेली बेअरिंग गंजतात. जून ते सप्टेंबर यंत्र कपाटात असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब देऊन ठेवा.

शेपटीत मांजा गुंडाळला गेलाय.

संक्रांतीच्या आसपास हे हटकून होतं. दिसतो तेवढा मांजा कापून थांबू नका. नायलॉनचा धागा टेल शाफ्ट आणि बेअरिंगच्या मधल्या फटीत शिरतो, घर्षणाने वितळतो आणि तिथेच कडक होतो. टेलचा गिअरबॉक्स उघडून शाफ्ट बाहेर काढावाच लागतो. शाफ्टही काचेवर लोळवून घ्या.

दुरुस्तीनंतर शेपटी डावी-उजवी हलत राहते किंवा हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं फिरतं.

दोन वेगळी दुखणी आहेत. हलत असेल तर आधी यांत्रिक कारणं बघा: सैल पट्टा, टेलचा स्लायडर (शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारा सरकता भाग) अडखळणं, वाकलेला टेल शाफ्ट, घट्ट लिंक. लिंक सुटी करून हाताने सरकवली तर स्लायडर आपल्या वजनाने सरकल्यासारखा हलका चालला पाहिजे. हे सगळं निर्दोष असेल तरच जायरोचा (शेपटी स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरचा) गेन, म्हणजे जोर, कमी करा. लोक उलट करतात, आधी गेनला हात घालतात आणि मग अडकलेल्या स्लायडरवर महिनाभर रिमोटमधून उपचार चालू राहतात.

जमिनीवरून उठताच गरगर फिरत असेल तर जायरोची दिशा उलटी आहे, किंवा पट्टा उलट्या पिळाने घातल्यामुळे टेल रोटर उलटा फिरतोय. जायरो तपासायला मोटरच्या वायरी सोडवा. रिमोटवर रडरची, म्हणजे शेपटी वळवायची काठी उजवीकडे द्या आणि स्लायडर कुठे सरकतो ते बघा. मग काठी सोडून हेलिकॉप्टरचं नाक हाताने झटक्यात डावीकडे वळवा. स्लायडर त्याच दिशेला सरकला पाहिजे. विरुद्ध सरकला तर उडवू नका, सेटिंगमध्ये दिशा बदला. फ्लायबारलेस (हेडवर तोलाची दांडी नसलेलं) यंत्र असेल तर नाक खाली करून बघा, स्वॅशप्लेट मागे कलली पाहिजे. बॅटरी लावल्यानंतर काही सेकंद यंत्र अजिबात हलवू नये, त्या वेळात जायरो स्वतःला सावरत असतो.

पहिल्यांदा परत उडवताना काय काळजी घ्यायची?

सकाळी लवकर जा. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि मग गडबड यंत्राची की वाऱ्याची ते कळत नाही. रिमोटचा रेंज चेक, म्हणजे तो किती दूर पोचतो ते, आधी. एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावा, दहा-बारा मीटर दूर उभे राहा आणि रोटर हळूहळू वेगात आणा. दोन पाती एकाच पातळीत फिरत नसतील तर टेपवालं वर की खाली ते दिसतं, त्याप्रमाणे एकाच पात्याची लिंक अर्धा-एक फेरा फिरवा. पाहताना रोटरच्या पातळीत मान घालून बसणारे महाभाग असतात. दूर राहा, आणि बघ्यांना तुमच्याही मागे ठेवा.

हेलिकॉप्टर थरथरलं तर लगेच बंद. डोळ्यांच्या उंचीवर दोन मिनिटं स्थिर उडवा, उतरवा, मोटरला, ईएससीला आणि सर्व्होंना हात लावून बघा. कोणी जास्त तापलंय का? सगळ्या लिंक आणि बोल्ट पुन्हा तपासा. उलटी उड्डाणं पुढच्या रविवारी.

मुलाचं खेळण्यातलं हेलिकॉप्टर पडलं. त्यालाही एवढं सगळं लागेल?

नाही हो. एकावर एक दोन रोटर असलेल्या त्या छोट्या हेलिकॉप्टरांत चार गोष्टी बघा. वरची आणि खालची पाती वेगळी असतात, उलट दिशेने फिरतात, ती आपसांत बदलली गेली तर यंत्र उठतच नाही. आतला बारीक शाफ्ट वाकला असेल तर दोन्ही रोटर एकमेकांना आपटतात. पुढे-मागे जात नसेल तर शेपटीची छोटी मोटर झिजली आहे किंवा तिची केसासारखी वायर डाकातून सुटली आहे, ती डाक देऊन जोडता येते. आणि गॅलरीत उन्हात चालत नसेल तर ते बिघडलेलं नाही. त्यातले बरेच इन्फ्रारेडवर चालतात आणि उन्हात त्यांना रिमोट ‘दिसत’ नाही. घरात आणून बघा. सर्किट बोर्ड गेला असेल तर मात्र नवंच घ्या.

सुटे भाग कुठून आणायचे?

अलाइनच्या टी-रेक्स ४५० च्या नकला इतक्या निघाल्या की त्या मापाचे भाग ऑनलाइन अजूनही सहज मिळतात. नकली स्किड, कॅनोपी, बूम बिनधास्त घ्या. बेअरिंग, स्पिंडल आणि ग्रिप मूळ कंपनीचे घ्या. कनेक्टर, वायर, हीट-श्रिंक नळी, सोल्डर यांसाठी लॅमिंग्टन रोडची एक चक्कर पुरते. बेअरिंगच्या पाकिटावरचं माप वाचून कॅलिपरने पडताळा. एक स्पिंडल, एक मुख्य शाफ्ट, एक मुख्य गिअर आणि मूठभर लिंक घरात कायम असाव्यात.

दुरुस्त झालं. उडवायचं कुठे?

सोसायटीच्या गच्चीवर आणि मुलं खेळतात त्या मैदानात नाही, हे सांगायला नको.

ड्रोन नियम २०२१ मध्ये २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचं मायक्रो. ४५० वर्ग मायक्रोत येतो. हौसेसाठी उडवणाऱ्याला या दोन्हींत पायलटचा परवाना लागत नाही, पण हवाई क्षेत्राचा नकाशा सगळ्यांना लागू आहे. नवी मुंबईकरांनी तो नव्याने बघावा, कारण नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि त्याच डिसेंबरात विमानं सुरू झाली. उलवे, पनवेल, बेलापूर, खारघर या भागांत जुन्या सवयीच्या जागा आता धरून चालता येणार नाहीत. डिजिटल स्कायच्या, म्हणजे सरकारी ड्रोन पोर्टलच्या, नकाशावर लाल पट्टा दिसला तर विषय संपला. याशिवाय पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघतात आणि त्यांत ड्रोनबरोबर रिमोटची विमानंही मोडतात, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा.

येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून आहे, तिथे नको. खाडीकाठही नको: ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत तिथे पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. शहराबाहेर मोकळं शेत ओळखीचं असेल तर मालकाला विचारून जा. भात कापल्यानंतरची जमीन चांगली, फक्त कापलेल्या दांड्यांत शेपटी अडकते, म्हणून उतरवायला एक जुनी सतरंजी सोबत न्या.